डाव्या हाताचा नकार

मी 'नाही' म्हणत होते आणि भिंतीवरचा पडदा 'हो' म्हणत होता.

पडद्यावरचं 'हो' हिरवंगार आणि हातभर मोठं. माझं 'नाही' म्हणजे चादरीवर इकडून तिकडे फिरणारा डावा हात. खोलीत माझा मुलगा ऋतुराज होता, थोरली बहीण सुलूआक्का होती आणि मेंदूच्या डॉक्टर देवस्थळी होत्या. तिघंही पडद्याकडे बघत होती.

"तिसऱ्यांदाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "कायद्याने तीन वेळा विचारावं लागतं. झालं. अभिनंदन, चौगुले मॅडम!"

अभिनंदन! माझ्या कवटीत यंत्र बसवायचं ठरलं होतं, माझ्या मनाविरुद्ध ठरलं होतं, आणि बाई माझंच अभिनंदन करत होत्या. तोंड चालत असतं तर तिथल्या तिथे त्यांना मैदानाबाहेर काढलं असतं. ते माझं कामच होतं. इचलकरंजीत शाळेत पी.टी. शिकवून मी उभी हयात कबड्डीची पंच म्हणून काढली. चार-पाच हजार माणसं ओरडत असतात तेव्हा पंचाचं तोंड काही कामाचं नसतं. त्याचा हात बोलतो. माझा हात वर गेला की दांडगे दांडगे चढाईपटू मुकाट्याने बाहेर जायचे.

जयसिंगपूरच्या स्पर्धेत बक्षीस समारंभाला भाषण करताना मला झटका आला. "विजेत्या संघाचं" इथपर्यंत बोलले, पुढचा शब्द अजून यायचाय. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात रक्त साकळलं. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं. काय म्हणायचंय तेसुद्धा ठाऊक असायचं, पण ओठांपर्यंत येईतो शब्दांचा भुगा व्हायचा. अशा माणसाशी सगळे जरा मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. त्यांच्या मते मी बहिरीही झाले होते आणि येडीही.

बोलता न येणाऱ्या पेशंटची संमती हल्ली संमतीपट्ट्याशिवाय धरत नाहीत. कपाळावर बांधायचा पातळ पट्टा असतो. तो मनातले विचार वाचत नाही, तसली जादू अजून कुणाला जमलेली नाही. तो प्रयत्न वाचतो. माणूस 'हो' म्हणायला गेला की ओठ-जीभ हलवणारा मेंदूचा भाग कामाला लागतो, ओठ हलोत न हलोत. पट्टा तेवढी हालचाल पकडतो आणि पडद्यावर टाकतो. बहुतेक माणसांत बोलणं आणि लिहिणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, म्हणून पट्टाही डाव्या बाजूलाच कान लावून बसतो.

आणि बसवायचं होतं त्या यंत्राचं नाव पुनर्वाचा. ते मी सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी ऋतुराजला सांगितलं तसंच सांगते.

"मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना दाबून असतात. डावा दुखावला की उजवा मोकाट सुटतो आणि डाव्याला डोकं वर काढू देत नाही. पुनर्वाचा डाव्याला आधार देते आणि उजव्याला बारीक विद्युतप्रवाहाने गप्प बसवते. मॅडम बोलायला जातील तेव्हा गळ्याजवळच्या स्पीकरमधून त्यांच्याच आवाजात शब्द येतील. उजवा हातही बराचसा परत येईल."

"आणि तोटा?" ऋतुराजने विचारलं. तो पुण्यात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, तोटा विचारायची त्याला सवय आहे.

"डावा हात मंद होईल. हातवारे जवळजवळ थांबतील. पण मॅडम उजव्या हाताच्या आहेत, त्यांना काय फरक पडतोय!"

मग त्यांनी नमुना ऐकवला. ऋतुराजला मी पाठवलेल्या जुन्या व्हॉइस मेसेजवरून तो आवाज तयार केला होता. "ऋतू, जेवलास का रे?" माझा आवाज. तोच घोगरा, शिट्ट्या फुंकून फुंकून बसलेला. ऋतुराज खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ वळला नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? मला बोलायचंच होतं. पण त्या बदल्यात ते काय नेणार होते, ते खोलीत फक्त मला आणि आक्काला ठाऊक होतं. आणि आक्का पदराशी चाळा करत गप्प बसली होती.

मी जन्माची डावरी आहे.

आमच्या घरात हे एखाद्या व्यंगासारखं झाकलेलं होतं. आई म्हणायची, डाव्या हाताचं देव घेत नाही आणि सासू तर त्याहून घेत नाही. जेवताना आणि अभ्यासाला बसताना माझा डावा हात परकराच्या नाडीने कमरेशी बांधलेला असायचा. बांधायचं काम आक्काकडे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि जात्याच आज्ञाधारक. अशा रीतीने मी उजव्या हाताने लिहायला लागले, उजव्याने जेवायला लागले, उजव्याने भाजी चिरायला लागले. मला बघायला आले तेव्हा आक्का दारामागून माझ्या हातांवर नजर ठेवून होती. ट्रे दोन्ही हातांत, कप मात्र उजव्याने. पसंती आली आणि घरातून हा विषयच हद्दपार झाला. ऋतुराजला तर त्याचा पत्ताही नव्हता.

फक्त मैदान मोकळं होतं. तिथे डाव्या बाजूच्या संघाला गुण मिळाला की डावा हात वर करावाच लागतो. तिथे माझ्या डाव्या हाताला कुणी नावं ठेवली नाहीत, उलट त्याला सगळे वचकून असायचे.

तर मला ॲडमिट करताना डॉक्टरांनी आक्काला विचारलं होतं, "पेशंट उजवखोऱ्या की डावखोऱ्या?"

"उजवीच हो," आक्का ताडकन म्हणाली. "आमच्या घरात कुणी डावरं नाही!"

मी स्ट्रेचरवर होते आणि हे ऐकत होते. तिने मुद्दाम दावा साधला असं नाही. ती चारचौघांत बहिणीची अब्रू राखत होती. साठीची बहीण अर्धांगाने आडवी पडली होती आणि ही अजून तिला स्थळ बघत होती.

संमतीच्या दुसऱ्या दिवशी मी पट्टा उपटून फेकला. सिस्टरने परत लावला, मी परत फेकला. तिसऱ्या वेळी तो मी सूपच्या वाटीत टाकला. आता तरी हात काय सांगतोय ते कळेल असं मला वाटलं, पण डॉक्टरांनी त्यालाही नाव शोधून ठेवलं होतं.

"याला परका हात म्हणतात," त्या ऋतुराजला समजावत होत्या. "मेंदूला इजा झाली की कधीकधी एक हात आपल्या मनाने वागायला लागतो. बटणं काढतो, वस्तू फेकतो. पेशंटच्या इच्छेशी त्याचा संबंध नसतो. ऑपरेशननंतर थांबेल. तोवर बांधून ठेवू."

सिस्टर मऊ कापडाची पट्टी घेऊन आल्या. हात आवरेना तेव्हा आक्का मदतीला धावली. तिने माझं मनगट धरलं, खाटेच्या दांडीला लावलं आणि गाठ मारली. म्हातारी झाली तरी गाठीला हात कसा बसलेला!

"बांधा, बांधा," ती म्हणाली. "तिला सवय हाय."

"कसली सवय, मावशी?" ऋतुराजने विचारलं.

"कसली न्हाई रे. तू चहा घेऊन ये जा."

मी आक्काकडे बघत राहिले. रागाने कानशिलं तापली होती. शिवी द्यावी तर शब्द नाही, मारावं तर हात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुराजने पडद्यावर महिलांचा कबड्डी सामना लावला. आईला बरं वाटावं म्हणून लावला आणि स्वतः लॅपटॉप उघडून बसला. मी सामना बघायला लागले. बघायला लागले म्हणजे पंचगिरी करायला लागले, दुसरं मला येतं काय? मनगट बांधलेलं होतं, बोटं नव्हती. एक गडी बाद, एक बोट. दोन बाद, दोन बोटं.

मग एका चढाईला डावीकडच्या संघाची ठेंगणी पोरगी आत शिरली, बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि परत फिरली. पंचाने काहीच दिलं नाही. मी अंगठा वर केला. बोनसचा गुण असा अंगठा वर करून देतात. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा पाय हवेत होता, हे मला इथून दिसलं आणि त्या बाबाला तिथून दिसलं नाही. संघाने दाद मागितली. चित्रण सावकाश फिरवून बघितलं. गुण दिला.

ऋतुराज पडद्याकडे बघत नव्हता. तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता, आणि बहुधा मघापासून बघत होता.

त्याने पट्टीची गाठ सोडली. सामना मागे नेला, दुसरीच एक चढाई लावली आणि पंचाच्या निर्णयाआधी पडदा थांबवला.

"आई, किती?"

मी दोन बोटं दाखवली. त्याने चित्र पुढे सरकवलं. दोन. त्याने आणखी एक लावली, मग आणखी एक. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. मला वाटलं होतं, पोरगा नाचेल.

शेवटी तो खुर्ची ओढून जवळ बसला. "आई, तुला ऑपरेशन करायचंय?"

चढाई फुकट गेली की आम्ही हात आडवा फिरवतो. तसा मी फिरवला, सावकाश आणि पूर्ण.

त्याला माझं 'नाही' कळलं आणि त्याला ते नको होतं. दोन्ही गोष्टी मी त्याच्या तोंडावर वाचल्या. तेवढ्यात डॉक्टर फेरीला आल्या आणि सुटलेला हात बघून थबकल्या. "हात कुणी सोडला?"

ऋतुराज गप्प राहिला. एक वाक्य पुरलं असतं. तो बुटांकडे बघत राहिला. हे मी पाहिलं, आणि अजून विसरलेले नाही.

मग मी हात उचलला आणि कोपऱ्यात बसलेल्या आक्काकडे बोट रोखलं. भर सामन्यात खेळाडूने पंचाशी हुज्जत घातली की रोखायचे तसं. बोट खाली घेतलं नाही.

"अशी काय बघतीस?" आक्का म्हणाली. "काय केलं मी?"

बोट तिथेच.

"मी तुझ्या भल्याचंच बघितलं न्हवं? आई सांगायची आन् मी बांधायची! शिकलीस, नोकरी लागली, चांगल्या घरात पडलीस. कुणी बोट ठेवलं तुझ्यावर?" तिचा आवाज फुटला. ती डॉक्टरांकडे वळली. "डावरी हाय ती. जन्माची डावरी. घ्या, लिहा आता कुठं लिहायचं ते!"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसल्या. बाई प्रामाणिक होत्या, एवढं म्हणेन. त्यांनी सारवासारव केली नाही.

"पण आई तर उजव्या हाताने लिहायची," ऋतुराज म्हणाला.

"लिहिणं शिकवलेलं असतं," त्या हळूहळू बोलायला लागल्या, निम्मं स्वतःलाच सांगत होत्या. "शिकवताना ते जबरदस्तीने या हातातून त्या हातात नेता येतं. हातवारे कुणी शिकवत नाही. आंधळा माणूससुद्धा बोलताना हातवारे करतो. ते मूळ हाताकडेच राहतात. उजव्या माणसात बोलणं, लिहिणं आणि हातवारे तिन्ही डाव्या अर्ध्यात एका घरात नांदतात. डावखोऱ्यांत ही भावंडं वेगळी राहू शकतात. यांचं बोलणं डावीकडे होतं. लिहिणं बांधून डावीकडे नेलं. हातवारे मात्र उजवीकडेच राहिले. झटका डावीकडे आला. बोलणं गेलं, लिहिणं गेलं. हातवारे शाबूत आहेत." त्या थांबल्या. "आणि आपण तेच बंद करायला निघालो होतो. आम्ही विचारतो लिहिता कुठल्या हाताने. विचारायला हवं, भांडताना कुठला हात वर जातो?"

"डावा," आक्का डोळे पुसत म्हणाली. "मला मारायची तेबी डाव्यानंच."

डॉक्टरांनी मेंदूच्या दोन्ही बाजू वाचणारा दुसरा पट्टा मागवला आणि माझ्या कपाळाला बांधला. मग यावेळी प्रश्न पुरता विचारला. "मॅडम, पुनर्वाचा बसवली तर तुम्ही बोलाल. पण तुमचा डावा हात मुका होईल. बसवायची का?"

पडदा दोन भागांत विभागला होता, डाव्यात तोंडाचा प्रयत्न आणि उजव्यात हाताचा. डाव्या भागात 'हो' आलं. उजव्या भागात 'नाही'.

मला क्षणभर गरगरलं. ते 'हो' खोटं नव्हतं. माझ्यातलं काहीतरी खरोखर बोलायला तडफडत होतं, हात गेला तरी चालेल म्हणत होतं. माझ्यातलंच दुसरं काहीतरी हात सोडायला तयार नव्हतं. माणूस एका मनाचा असतो असं आपण आयुष्यभर धरून चालतो. पडद्याने माझ्या डोक्यातलं भांडण भिंतीवर लावून दाखवलं.

"बघा, हो आहे!" ऋतुराज उठून उभा राहिला. "आणि शब्द तर त्याच बाजूला आहेत ना? माणूस विचार शब्दांतच करतो. ती बाजू म्हणजेच आई. दुसरी नुसता हात हलवते."

"शब्दांवाचूनही माणूस विचार करतो. मघाशी ते रोखलेलं बोट तुम्ही स्वतः बघितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही बाजू त्यांच्याच आहेत. कुठली धरायची हे मी नाही ठरवू शकत, पट्टाही नाही."

मग ठरवायचं कुणी? दोन पंचांचं जमलं नाही की सरपंच निर्णय देतो, आणि त्यावर अपील नसतं. मी डावा हात कपाळाकडे नेला. यावेळी ओरबाडलं नाही. बंद नीट सोडला, पट्टा काढला आणि ऋतुराजच्या हातात दिला. ओठांवर बोट ठेवलं आणि ते दूर फेकल्यासारखं केलं. गेलं तर गेलं. मग मूठ वळून ती छातीवर आपटली. हे माझं. हे मी देणार नाही. आईने बांधलं तेव्हा मी लहान होते, तुम्ही बांधलंत तेव्हा आडवी होते. आता मी बसलेय.

तो सगळा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला. पोचला नसता तर त्याला इतका राग आला नसता.

"मला तुझा आवाज हवा होता, आई," तो म्हणाला. "माझा काहीच हक्क नाही?"

हक्क होता. पण माझ्या आवाजावर त्याचा जेवढा हक्क, त्याहून माझ्या हातावर माझा जास्त. मी पुन्हा हात आडवा फिरवला. त्याने पट्टा खाटेवर ठेवला आणि त्याच संध्याकाळी तो पुण्याला गेला.

"पट्ट्याशिवाय संमती नाही, संमतीशिवाय ऑपरेशन नाही," डॉक्टर देवस्थळींनी जाहीर केलं आणि मला घरी सोडलं.

पुढचे महिने सोपे गेले असं कुणाला वाटत असेल तर त्याने एका हाताने पोळी लाटून बघावी. बोलण्याच्या बाबतीत दहा-बारा शब्द परत आले, त्यांतल्या निम्म्या शिव्या आहेत. लिहिणं मात्र मी डाव्या हाताला पहिल्यापासून शिकवलं. आधी अक्षरं उलटी यायची, आरशात बघावी तशी. शब्द सुचायलाच इतका वेळ लागायचा की एका ओळीत दुपार जायची. आक्का समोर बसून पाटी धरायची. "सरळ काढ, सरळ काढ," म्हणायची. चुकलं तर हात मात्र धरायची नाही. एका बारशाला मी पंगतीत डाव्या हाताने जेवले. पलीकडच्या आजीबाईंनी नाक मुरडलं. मी त्याच हाताने आणखी जिलबी मागितली.

हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय. ऱ्हस्व-दीर्घ ऋतुराजने तपासलंय. म्हणजे तो परत आला. आधी फोनवर नुसता चेहरा दाखवायला, मग सणाला, मग सुट्टी काढून. मी हात हलवते आणि तो मोठ्याने अर्थ लावतो. चुकला की मी त्याला बाद करते. आम्ही पूर्वीपेक्षा जास्त भांडतो.

गेल्या आठवड्यात तो आला तेव्हा जरा घुटमळत होता. जेवण झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, पुनर्वाचाची नवी आवृत्ती आलीय. डावखोऱ्यांचा विचार केलाय म्हणतात. डॉक्टर देवस्थळींशीही बोललो मी." घरात पट्टा नव्हता, पडदाही नव्हता. तो सरळ माझ्या हाताकडे बघत होता. "बसवायची?"

मी दोन बोटांत अंतर धरून विचारलं: हात किती मंद होईल?

त्याने खोटं सांगितलं असतं तर मला कळलंही नसतं.

"थोडासा," तो म्हणाला. "पण होईल."

त्याचे डोळे भरले होते. माझा आवाज त्याला अजून हवा होता, आणि मलाही त्याला एकदा नावाने हाक मारायची होती. मी घाई केली नाही. मग डावा हात उचलला आणि आडवा फिरवला.

ऋतुराजने डोळे पुसले, मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही.